न झालेल्या तीन बैठका

माझी मोठी बहीण वान छिऊलान जाऊन पाच महिने झाले. तिच्या बिझनेस स्कूलमधले जुने लोक म्हणाले, तिच्याबद्दल काहीतरी लिही, आपण ग्रुपवर टाकू. मी बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करणारा माणूस, लिहिणं हे तिचं काम होतं. पण माझ्या मुलीची नोकरी ताईमुळे गेली असं मी वर्षभर गल्लीत, नातेवाइकांत, सगळ्यांना सांगत फिरलो. तुमच्यातल्या काहींनाही सांगितलं असेल. ते खरं कसं झालं ते एकदा नीट सांगायला पाहिजे, म्हणून बसलोय.

ताई पंधराव्या वर्षी कापडगिरणीत लागली. अक्षर सुंदर, म्हणून गिरणीच्या भिंतीवरचा फळा तीच लिहायची. एक्क्याऐंशी साली विद्यापीठात कारखाने कसे चालवायचे ते शिकवणारा विभाग निघाला, त्यांना स्टेन्सिल कापणारं माणूस पाहिजे होतं. जियांग सर त्या विभागाचे पहिले प्रमुख. ते फळा बघून गिरणीत आले आणि तिला घेऊन गेले. विभाग म्हणजे दोन खोल्या, खाली खानावळ. ताई संध्याकाळी घरी आली की केसांना उकडलेल्या कोबीचा वास आणि बोटांना शाई. परदेशी पुस्तकं जियांग सर रात्री आपल्या भाषेत करायचे, दिवसा ताई स्टेन्सिलवर उतरवायची, मग सायक्लोस्टाईल करून पोरांना वाटायचे. पहिली पाच वर्षं तिथली पोरं ताईच्या अक्षरातूनच शिकली.

आणि मीटिंगची वही. पहिल्या बैठकीपासून कोण काय बोललं ते तीच लिहायची. पहिल्या वहीत जियांग सरांचं वाक्य आहे, आपलं ध्येय एकच, जिल्ह्यातल्या कारखान्याला आकडे वाचता येणारा माणूस द्यायचा. त्र्याण्णव साली ध्येय झालं बाजाराकडे तोंड करायचं. मग प्रांतात पहिलं यायचं. मग नदीपलीकडे नऊ मजली काचेची इमारत झाली, विभागाचं स्कूल झालं, प्रमुखाचा डीन झाला आणि ध्येयात जग आलं. नवीन वर्षाच्या जेवणाला ताई आम्हाला ही सगळी ध्येयं ओळीनं म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो. मी म्हणायचो, ताई, तुमचं ध्येय माझ्या स्कूटरसारखं, दर दोन वर्षांनी बॅटरी बदलायची. ती म्हणायची, हस, पण खालून वर आलेत ते, तुझं दुकान अजून जिन्याखालीच आहे. तिला त्या स्कूलचा अभिमान होता. टोमणे मारायचा हक्क मात्र फक्त तिला, दुसऱ्यानं मारलेला चालायचा नाही.

लग्न तिनं केलं नाही. आमची आई अंथरुणाला होती तेव्हा वय निघून गेलं. माझी मुलगी निंग अर्धी तिच्याकडेच वाढली. निंगनं कॉलेज केलं आणि ताईच्याच ऑफिसात वर्षाच्या करारावर लागली. दोन हजार तेराच्या शेवटी ताई निवृत्त होणार होती, तेव्हा निंगला तिच्या जागी कायम करायचं असं ऑफिसप्रमुख लियाओ बोलला होता. कायम नोकरी म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी परदेशातली माणसं स्कूल तपासायला येणार होती. त्यांचा शिक्का मिळाला की स्कूलचं नाव जगाच्या यादीत. फांग डीन तीन वर्षं त्याच्यामागे लागले होते. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ध्येय पाठ करायला लावलं. लिफ्टमध्ये चिकटवलं. स्वच्छतागृह धुणारी बाईसुद्धा न अडखळता म्हणायची. पण त्या लोकांची एक अट होती. ध्येय दरवर्षी तपासायचं, मास्तर, पोरं आणि कारखानदार यांना एकत्र बसवून, आणि पाच वर्षांच्या त्या बैठका कागदावर दाखवायच्या. दहा, अकरा आणि बारा साली बैठक झालीच नव्हती. इमारतीचं काम चालू होतं, डीननं फोनवर काय ते ठरवलं आणि ताईला टाईप करायला दिलं होतं.

आमच्याकडे तपासणी आली की मागचे कागद भरणं हे सगळीकडेच चालतं, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. लियाओनं जुन्या दिसणाऱ्या तीन वह्या आणल्या, तीन वर्षांच्या तारखा आणि हजर माणसांच्या याद्या काढून दिल्या. पुढचं-मागचं सगळं ताईच्या अक्षरात, म्हणजे मधलंही तिच्याच अक्षरात पाहिजे. ताई वह्या घेऊन घरी आली, पेनात शाई भरली, दोन हजार दहाची यादी उतरवायला बसली. तिसऱ्या ओळीवर थांबली. तिथं जियांग सरांचं नाव होतं.

जियांग सर दोन हजार नऊच्या हिवाळ्यात गेले. कोणीतरी आठ सालची यादी तशीच उचलून दिली होती. त्यांच्या नावापुढं काय बोलायचं तेही लियाओनं लिहून दिलं होतं, की मी नव्या ध्येयाला मनापासून पाठिंबा देतो.

दुसऱ्या दिवशी तिनं लियाओला दाखवलं. तो हसला, म्हणाला, ऑफिसातल्या पोरांची चूक, त्यांचं नाव उडवा. ताई म्हणाली, "एक नाव उडवलं म्हणजे बाकीचे अकरा त्या दिवशी येऊन बसले होते असं होतं का?" आणि वह्या त्याच्या टेबलावर ठेवून आली.

लियाओ माझ्याकडे आला. दुकानात, स्टुलावर बसून, मी टायर काढत असताना. निंगचं नाव कमिटीपुढं आहे म्हणाला. वान बाई एवढ्या हट्टाला पेटल्या तर मग आम्ही तरी काय करणार म्हणाला. धमकी वगैरे नाही, चहासुद्धा पिऊन गेला.

मी तसाच काळ्या हातानं ताईकडे गेलो. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, तीन वह्या आहेत, दोन दिवसांचं काम, वाचणारे परदेशी, त्यांना कोण मेलं कोण जगलं काय कळतंय. ती म्हणाली, "छोट्या, मी आयुष्यात बरंच फालतू लिहिलंय. पण कोणी न बोललेलं लिहिलं नाही. जियांग सरांनी मला गिरणीतून आणलं, आणि ते मेल्यावर मी त्यांच्या तोंडात पाठिंबा घालू?"

मी म्हटलं, सर मेलेत, निंग जिवंत आहे.

ती भाजी निवडत राहिली. आणि तेव्हा मी बोललो ते बोललो. "तुझ्या पोटचं पोर असतं तर लिहिलं असतंस."

तिनं भाजीची परात उचलली आणि आत गेली. मी घरी आलो.

पुढं काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. ती सरळ फांग डीनकडे गेली. म्हणाली, न झालेली बैठक मला लिहिता येत नाही, पण आता घ्या, आजच्या तारखेनं, मी शब्द न् शब्द लिहिते. डीन चिडले, तिला बाहेर बसायला सांगितलं, तासाभरानं परत बोलावलं. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक. जूनमध्ये बैठक झाली, चार तास. सोया सॉसच्या कारखान्याचा मालक, इथलाच जुना विद्यार्थी, उठून म्हणाला की तुमची पोरं इंग्रजीत झकास बोलतात आणि त्यांना माझ्या गोदामातला माल मोजता येत नाही. एक मास्तर त्याच्यावर ओरडला. एका मुलीनं विचारलं, लिफ्टमधलं ध्येय नक्की कुणाचं आहे. ताईनं ओरडणंसुद्धा लिहिलं.

शरदात परदेशी लोक आले. मधली तीन वर्षं कुठं आहेत विचारलं. डीननं झाल्या नाहीत असं सांगितलं. आता वही तशीच असल्यावर दुसरं सांगणार काय. त्या लोकांनी जूनची बैठक भाषांतर करून घेतली, दोनदा वाचली म्हणे, आणि शिक्का दिला नाही. तीन वर्षं अशा बैठका घ्या, मग येऊ, म्हणाले. डिसेंबरात ताई निवृत्त झाली. कमिटीनं ती जागाच रद्द केली. निंगचा करार संपला तो संपला.

चौदा महिने मी ताईशी बोललो नाही. निंग दर रविवारी तिच्याकडे जायची, मी विचारायचो नाही. निंगनं मालवाहतुकीच्या एका कंपनीत काम धरलं. एकदा जेवताना मी परत तेच रडगाणं लावलं, तर ती म्हणाली, "बाबा, लियाओनं त्या वह्या आधी मला दिल्या होत्या. आत्याचं अक्षर मला हुबेहूब जमतं, लहानपणी तिनंच गिरवून घेतलंय. मी नाही म्हटलं होतं. आत्याला ते माहीत होतं. तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

म्हणजे ताईनं त्या दिवशी नुसतं निंगचं नाव घेतलं असतं तरी माझं तोंड बंद झालं असतं. तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर मी घरी येऊन पोरीवर ओरडलो असतो, हे तिला माहीत होतं.

तरी मी लगेच गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. मग ती दवाखान्यात आहे असा फोन आला, फुप्फुसाचं, उशीर झालेला.

मी मडक्यात डुकराच्या बरगड्यांचं सूप करून घेऊन गेलो. ती खिडकीकडे तोंड करून होती. म्हटलं, ताई, त्या दिवशी मी जे बोललो ना. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "बोललास. मी ऐकलं. आता सूप दे, निवतंय."

अर्धी वाटी प्याली. मीठ कमी आहे म्हणाली. नंतर तीन आठवडे मी रोज गेलो, मीठ नीट घातलं, स्कूलबद्दल, दुकानाबद्दल, निंगच्या कंपनीबद्दल बोललो. या वर्षी स्कूलची बैठक झाली का, ते तिनं निंगला फोन लावून विचारायला सांगितलं. झाली होती. पण त्या वाक्याचा विषय तिनं काढला नाही आणि मला परत काढता आला नाही. शेवटच्या दिवशी सूप तसंच राहिलं. मी मडकं दवाखान्याच्या नळावर धुतलं आणि घरी आणलं.