बांधलेला अंगठा

“पेन बाहेर ठेवा बाई, मंग मधी या.”

सावद्यातल्या त्या घराच्या उंबऱ्यावर माझं स्वागत असं झालं. चपला बाहेर काढायला लावणारे तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत; पेन बाहेर ठेवायला लावणारी ही एकटीच. साठीची, काटकुळी, पदर कमरेला खोचलेली. गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

जळगावात मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. वयाने मोठी झाली तरी काही माणसांना स्वतःचे व्यवहार कळत नाहीत, त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमतात. कुणाचा अर्ज आला की त्या घरी जाऊन यायचं आणि समितीला अहवाल द्यायचा, हे जादाचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. अक्काने अर्ज केला होता धाकट्या भावासाठी. भाऊ पंचेचाळिशीचा, पण समज चार वर्षांच्या पोराची. आईवडील गेलेले, अक्का विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि भावाच्या नावावर केळीचं बागायती शेत. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

माझं तर कामच संशयाचं. कुठल्याही घरी गेले की मी माणसाचा चेहरा नंतर बघते. आधी नखं, मग कानामागचा मळ. हसायचं कसं, हे पाहुणे यायच्या आधी शिकवून ठेवता येतं, कानामागे कुणी जात नाही. या भावाची नखं कापलेली, कान स्वच्छ, अंगाला तेल. पण उजव्या अंगठ्याला ही जाडजूड चिंधी!

“काय झालं?”

“विळा लागला,” अक्का म्हणाली.

महिन्याने गेले तर चिंधी तशीच. “इचू चावला.” तिसऱ्या खेपेला, “दारात चेंगरला.” बाई गं, एकाच अंगठ्याला एवढी साडेसाती? माझ्या मनात पाल चुकचुकली. ही मारते की काय त्याला? मी अहवालात लिहिलं, ‘अंगठ्याच्या जखमेबद्दल समाधानकारक खुलासा नाही.’ तेवढ्या एका ओळीवर तिचा अर्ज अडकला. दरम्यान अक्काच्या चुलतभावानेही स्वतःचा अर्ज टाकला. अक्काचा फेटाळला गेला असता, तर भाऊ आणि त्याचं शेत या चुलतभावाच्या ताब्यात गेलं असतं.

तिचाही माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. भेटीच्या फॉर्मवर सही मागितली की ती तो आधी शेजारच्या सुनेकडून वाचून घ्यायची, मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुरुजींकडून. “दोघांनी एकच वाचलं तं खरं.” तोवर मी ओट्यावर केळीच्या गाड्या बघत बसलेली. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकणारे असतात, ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची. चहा मात्र न चुकता द्यायची, आणि चहा संपेपर्यंत माझ्या पर्सवर डोळा ठेवून असायची.

चौथ्या खेपेला मी हट्टालाच पेटले. “अक्का, चिंधी सोडा. नाहीतर मारहाण होते असं लिहून मोकळी होते.”

मग भावाला जवळ बसवून तिने दातांनी गाठ सोडली. आतला अंगठा अगदी धडधाकट. सतत झाकल्यामुळे नुसता पांढरा पडलेला.

“कोनी मारलं नाही त्याले,” ती म्हणाली. “आबाच्या, आमच्या बापाच्या दहाव्याले, नदीवर, आमच्या चुलतभावानं कोऱ्या कागदावर याचा अंगठा घेतला. याले शाईचं लई कौतुक. डबी दिसली का हासत अंगठा पुढे करतो. तो कागद कुठी हाये, त्याच्यावर काय लिहिलं, कोनाले माहीत? दहा वर्सं झाली, तवापासून बांधते. सकाळी आंघोळीले सोडते, तेल लावते, परत बांधते.”

“मग मला खरं का नाही सांगितलं?”

“तुमाले कोनी धाडलं, मले काय माहीत?”

हसू आलं मला, आणि लगेच लाजही वाटली. तीन महिने मी जिला मारकुटी समजत होते, ती त्या अंगठ्याची राखण करत होती.

चुलतभावाला विचारलं, तर तो म्हणाला, “वारसाच्या नोंदीचा कागद होता ताई. लागलाच नाही, फाडून टाकला.” गोड बोलणारा माणूस. खरंही असेल. मला आजही ठरवता येत नाही.

मी नवा अहवाल दिला. पालकत्वाचा आदेश अक्काच्या नावाने निघाला, तो घेऊन मी स्वतः गेले. म्हटलं, “आता त्याचा अंगठा कुणी घेतला तरी चालायचा नाही. सोडा ती चिंधी.”

तिने आदेश दोघांकडून वाचून घेतला. मग म्हणाली, “हुकूम कागदावर हाये बाई. अंगठा त्याच्या हाताले हाये.” आणि तिने विचारलं, “माह्या माघारी कोन बांधीन?”

“दुसऱ्या पालकासाठी अर्ज करता येतो.”

“कोनी करायचा?”

मी चहा पिऊन टाकला.

या उन्हाळ्यात अक्का गेली, दुपारी भाकऱ्या थापता थापता. मला कळलं ते नवा अर्ज हातात आला तेव्हा. अर्जदार चुलतभाऊ.

अक्काच्या उंबऱ्याशी माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. पेन काढून ओट्यावर ठेवलं आणि आत गेले. भावाच्या अंगात नवा शर्ट होता, घडीच्या खुणा तशाच. नखं कापलेली, कान स्वच्छ. अंगठा उघडा.

त्याने मला ओळखलं. उठून आत गेला, अक्काच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. हसत नव्हता.

मी चिंधी गुंडाळली, गाठ मारली.

“आता कशाला ताई ते?” चुलतभाऊ मागून म्हणाला. “आता सगळे घरचेच तर आहोत.”

मी आणखी एक गाठ मारली.