मावसाजींच्या पाच फेऱ्या

आमच्या मावसाजींना घेऊन देवळात जाणं हे कमकुवत काळजाच्या माणसाचं काम नाही. बालाघाटहून गोंदियाला निघालं की राजेगाव येईपर्यंत ते तीनदा बस थांबवणार, कारण शेंदूर फासलेला दगड मागे सुटला. एकदा उतरून ज्याला साष्टांग नमस्कार घातला तो मैलाचा दगड निघाला. ‘मंग काय झालं, रस्ता त त्यानंच दाखवला,’ म्हणाले आणि शांतपणे बसमध्ये येऊन बसले.

त्यांची लेक लग्नानंतर जपानातल्या एका खेड्यात राहते. मावशीने शेवटच्या आजारात मावसाजींकडून वचन घेतलं होतं, की लेकीला दिवस गेले की तिच्या गावच्या देवाला पाच फेऱ्या घालायच्या, म्हणजे बाळंतपण सुखरूप होईल. सहावा महिना लागला आणि मावसाजी मला घेऊन निघाले. गावचा देव म्हणजे उंच झाडांच्या रानातलं, शेकडो वर्षांचं शिंतो देऊळ. लेक सांगेल तसं मी वाकलो, टाळ्या वाजवल्या. वळून पाहतो तर मावसाजी गायब, पायरीशी फक्त त्यांचे बूट.

मी देवळामागे धावलो. मागचा गाभारा कुंपणात असतो, तिथे गावकऱ्यांनाही पाय ठेवायची मुभा नाही. मावसाजी फाटक सारून आत शिरले होते आणि अनवाणी, गुडघा धरून, मोठ्याने मोजत दुसरी फेरी घालत होते. एक म्हातारे पुजारी ओरडत धावले. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला याच गावात मूल वाढवायचं होतं.

‘बाबा, काहून गेलते आत?’

‘तुह्या मायले कबूल केलतं. बिना फेऱ्यांचा वापस जाऊ कसा?’

तिने रडत रडतच पुजाऱ्यांना ते सांगितलं. मग त्यांनी कुंपणाबाहेरून गाभाऱ्याभोवती जाणारा उतार दाखवला आणि स्वतःच पुढे निघाले. आतल्या फेऱ्या बाद धरून मावसाजींनी पहिल्यापासून मोजायला घेतलं. शेवाळावरून, मुळांवरून, पाचही फेऱ्या पुजारी त्यांच्यासाठी फांद्या बाजूला करत चालले.

नात सुखरूप झाली, आता चालायलाही लागली. मावसाजींच्या गुडघ्यांना दुसरा जपान झेपायचा नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. मात्र रामपायलीच्या राममंदिरात ते हल्ली पाच फेऱ्यांवर थांबत नाहीत, सहावीही घालतात. परवा मी कारण विचारलं.

‘ही त्या पुजाऱ्याची,’ ते म्हणाले. ‘तो बुढा आपल्या पोरीसाठी फिरला. त्याच्यासाठी कोणी त फिराले पायजे.’