दुसऱ्या हातावरची पाकोळी

भूतबित, अंगात येणं, नजर लागणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी एक गोष्ट सुटत नाही, म्हणून लिहितोय.

आमचं गाव उंद्री, तालुका चिखली. समुद्र आमच्याकडे फक्त टीव्हीत. पण धाकटा भाऊ सचिन मालवाहू जहाजावर लागला. पहिल्या सुट्टीत आला तो उजव्या मनगटावर पाकोळी पक्ष्याचा टॅटू घेऊनच. म्हणाला, खलाशांची जुनी रीत आहे — एक पाकोळी निघताना काढायची, जोडीची दुसरी डाव्या हातावर, कायमचं घरी परतल्यावर. कुणी बुडालाच, तर पाकोळी त्याला घरी आणते म्हणे.

आईला एवढंच कळलं की गोंदण अर्धं राहिलंय. तिच्या मते जोडीतलं एकच गोंदणं म्हणजे अपशकुन. आठवडी बाजारात गोंदणारीण बसली होती, तिच्यापुढे आईनं सचिनला नेऊन उभं केलं. तो काही हात देईना. मग आईनं स्वतःचंच डावं मनगट पुढे केलं. गोंदणारणीनं पाकोळी कधी काढलेली नव्हती. तिनं पाखराच्या डोक्यावर मोरासारखा तुरा काढला आणि खाली सवयीनं तीन ठिपके दिले. आम्ही दोघं भाऊ पोट धरून हसलो.

पुढच्या खेपेला सचिन वादळात जहाजावरून पडला. शोध थांबला. बऱ्याच दिवसांनी एका परक्या किनाऱ्यावर मृतदेह सापडला — चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. कंपनीचा फोन आला, अंगावर खूण काय? मी उजव्या हातावरची पाकोळी सांगितली. तिकडून म्हणाले, याच्या तर दोन्ही हातांवर आहे... मी म्हणालो, मग तो आमचा नाही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आई म्हणाली, फोटो मागव. फोटो आला. डाव्या मनगटावर तुरेवाली पाकोळी, खाली तीन ठिपके. पुढे तपासणीतही तो सचिनच निघाला.

त्यानं कुठल्यातरी बंदरात आईचं बघून तसंच काढून घेतलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण तो पडला त्या दिवशी सकाळी सोबत जेवलेला त्याचा मित्र ठामपणे सांगतो, डावा हात कोरा होता.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. आई शोधतही नाही. एकदा विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "उजव्या हातावरचं पाखरू लय पोरायच्या हातावर असन, बापू. त्याच्यावरून कोनं ओळखलं असतं त्याले? हे माह्यं होतं, म्हनून तो घरी आला."