भिकाजी आगवाल्याची चूल

भिकाजी शिवलकरनं उभा जन्म आगीपुढं काढला. बोटीवर तो आगवाला होता. बॉयलरच्या तोंडात फावड्यानं कोळसा लोटायचा, राख ओढायची आणि घामानं निथळत पुन्हा कोळसा लोटायचा, हेच काम. पुढं कोळशाच्या बोटी एकेक करून भंगारात गेल्या, तेलावरच्या आल्या, आणि ऐंशी सालानंतर भिकाजी भाट्याजवळच्या आपल्या वाडीत कायमचा परतला. छाती रुंद, केस पांढरे आणि भुवया नावापुरत्या. त्या आगीनं केव्हाच खाल्ल्या होत्या.

घरात त्याचं कौतुक फार झालं आणि तिथंच सगळा घोटाळा होता. इतकी वर्षं तो रजेवर यायचा, म्हणजे पाहुणाच. आता रजा संपत नव्हती आणि पाहुणचारही. विहिरीवर गेला की बायको, येसूबाई, हातातली कळशी काढून घेई. मुलगा मुंबईला, मुलगी दापोलीला दिलेली. घरात माणसं दोनच, त्यातलं एक दिवसभर ओटीवर बसून चहा पिणार! भिकाजीला ते बसणं जिवावर येई. त्याला आपल्याच घरात कामाचा माणूस व्हायचं होतं, बाकी काही नको होतं. पण त्यानं स्वयंपाकघरात डोकं घातलं की येसूबाई ठसकत म्हणायची, "आवो, तुमी भायेर बसा. हितं धूर हाय."

धूर होता हे खरंच. पावसाळाभर येसूबाईचे डोळे लाल असत आणि खोकला तर तिच्या पाठी हात धुऊन लागला होता. त्यामुळं ग्रामपंचायतीत निर्धूर चुलीची योजना आली तेव्हा भिकाजीनं बायकोला न विचारता आपलं नाव पहिलं घातलं. गवंडी आला, जुनी चूल मोडली, मातीची नवी चूल घातली, तिच्या मागं दुसऱ्या भांड्यासाठी वैल ठेवला आणि मागून सिमेंटचा पाइप कौलातून वर काढून त्याला टोपी बसवली. येसूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही चूल हाय का भाताची गिरण?" एवढंच म्हणाली आणि कळशी उचलून विहिरीवर निघून गेली.

भिकाजीला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. धुरांडं म्हणजे त्याच्या लेखी बोटीचं फनेलच. त्यानं चुलीचा ताबा घेतला. लाकडं पडवीत रचून सुकवायची, ओलं लाकूड आत येऊ द्यायचं नाही. बारीक फोडायची, चुलीचं तोंड कोंबायचं नाही. राख रोज ओढायची. आणि दर पंधरवड्याला कौलांवर चढून, टोपी काढून, काथ्याचा बोळा दोरीला बांधून धुरांड्यातली काजळी झाडायची. काजळीनं माखून तो खाली उतरला की वाडीतली पोरं टाळ्या पिटत आणि तो खुशाल त्यांच्या नाकाला काळं फासत असे. महिन्याभरात येसूबाईचे डोळे निवळले. तिनं ते तोंडानं कबूल केलं नाही, पण तिच्या चहात साखर वाढली.

मग वाडीतल्या इतर घरांत चुली आल्या आणि भिकाजीला मरायला फुरसत उरली नाही. शेजारच्या गोदाच्या चुलीपुढं उकिडवा बसून तो व्याख्यान देई, "आग वाऱ्यावर जगते गो. वारा तोडलास की मेली. धुरांड्यानं पेट घेतला तर पाणी मारू नको, पाइप तडकेल. वैलावरची भांडी हलवू नको, चुलीचं तोंड बुजव नि गप ऱ्हा." गोदा मान डोलवी. येसूबाई दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ऐके आणि म्हणे, "बोटीवर यवडं बोलत असते तर कप्तान झाले असते."

सगळं छान चाललं होतं. पण आगवाल्याला मंद आग किती दिवस पुरणार? काजूच्या कारखान्यापाशी टरफलांचा ढीग पडलेला त्यानं पाहिला, पोतंभर आणली आणि मूठभर चुलीत टाकली. काय जाळ उठला! टरफलातल्या तेलानं चूल नुसती घोंगावू लागली. भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं नव्हे, आनंदानं.

"ह्याचा वास वंगाळ हाय," येसूबाई म्हणाली. "चिकटा धरंल कुठंतरी."

"तुला काय कळतंय गो आगीतलं?" भिकाजी म्हणाला. हे वाक्य त्याला पुढं फार महाग पडलं.

गणपतीच्या आधी वाडीभर धुरांडी झाडायची घाई उडाली. प्रत्येकीला आपलं धुरांडं पहिलं हवं होतं. भिकाजीनं सगळी झाडली आणि एक घर राहिलं. कुणाचं ते सांगायला नको.

गौरीच्या दिवशी मुलगी-जावई आले, घर भरलं. चूल लवकर तापावी म्हणून भिकाजीनं लाकडांवर टरफलं ओतली, चांगली ओंजळ ओंजळ. थोड्या वेळानं धुरांड्यातून घुमल्यासारखा आवाज आला. बाहेर पोरं ओरडली, टोपीतून जाळ निघाला होता. आत टरफलांचा डांबरासारखा चिकटा पेटला होता, आणि वर कौलांखाली सुके वासे होते.

जन्मभर आगीशी खेळलेला माणूस, पण घर स्वतःचं होतं. त्यानं पाण्याची बादली उचलली आणि तो चुलीकडं धावला.

"ठेवा ती बादली!" येसूबाई कडाडली. तिनं वैलावरची टोपं तशीच ठेवली, दारातलं ओलं गोणपाट चुलीच्या तोंडावर दाबलं आणि कडेला ओली राख थापली. "सगळ्या वाडीला शिकवलंत, तुमी सोता इसरलात? वारा तोडा!"

भिकाजीनं बादली ठेवली आणि दुसरं गोणपाट धरलं. दोघं खांद्याला खांदा लावून दाबत बसली. घुमणारा आवाज हळूहळू बसत गेला आणि थांबला. वासे वाचले. पाइपाला मात्र हातभर तडा गेला.

उरलेला स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर झाला. पाहुण्यांच्या पंगती उठल्या तरी भिकाजी माडाखाली मान घालून बसला होता. आपलं चुलीवरचं राज्य बुडालं, आता पुन्हा ओटी आणि चहा, हे त्यानं ओळखलं होतं. येसूबाई दोघांची ताटं घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. तिला हसू आवरत नव्हतं.

"रागवली न्हाईस?" त्यानं विचारलं.

"कशाला रागवू? यवडी वर्षं त्या चुलीवर काय करपलं, काय सांडलं, सगळं माज्या डोक्यावर. सासू बोलली, नणंदा बोलल्या, मी एकटी ऐकत ऱ्हायले. आज पयल्यांदा चूक दुसऱ्या कुणाची झाली." ती पदर तोंडाला लावून पुन्हा हसली. "नवा पाइप घाला. टरफलं कारखान्यात नेऊन टाका. आणि पाइप बसला की सकाळची चूल तुमी पेटवायची. मी उठनार न्हाय."

नवा पाइप आला आणि ती खरोखरच उठली नाही. सकाळी गोदा विस्तव मागायला आली, तर भिकाजी चुलीपुढं बसून काटक्या सारत होता.

"वैनी खयं गेली?" गोदानं घाबरून विचारलं.

"निजलीय," भिकाजी हळूच म्हणाला. "वायच हळू बोल."

उजाडल्यावरही येसूबाई निजलेली! गोदानं ही बातमी दुपारच्या आत घरोघर पोचवली. धुरांड्यातला जाळ वाडी केव्हाच विसरली, पण ही गोष्ट बायका अजून सांगतात.