धुण्याचा दगड

सासरी आले तेव्हापासून मी ज्या दगडावर धुणं आपटलं, तो दगड आमच्या ह्यांनी एके सकाळी पहारीनं उचकटला, बैलगाडीत टाकला आणि शेताकडं नेला. मी ओली चादर हातात धरून तशीच उभी. तोंडातून शब्द फुटेना, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत न्हाई असं गावानं फार कमी वेळा पाहिलंय.

आदल्या रविवारची गोष्ट सांगायला हवी. अंबड तालुक्यातलं आमचं गाव. ह्यांनी येशूचा मार्ग धरला होता, मी धरला नव्हता. माझं म्हणणं साधं होतं, माणूस दारूला लागण्यापेक्षा देवाला लागलेला बरा, मंग तो देव कोणता का असेना. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना त्या रविवारी पाळकांनी समोर बसवलं. घर बांधणारा माणूससुद्धा आधी खर्चाचा अंदाज घेतो, तुम्ही घेतलाय का, असं प्रत्येकाला विचारलं. एकजण म्हणाला, तंबाखू सोडीन. एक बाई म्हणाली, सोयरे तुटतील, पण तुटू द्या. हे उठले, उपरण्यानं घाम पुसला आणि म्हणाले,

"माझ्या घरी एक दगड हाय. तो जागेवर न्यावा लागंल."

लोक हसले. पाळकांनाही अर्थ लागला नसावा. मला मात्र लागला.

तो दगड बांधाच्या खुणेचा होता. मला हे सासूबाईंनीच सांगितलं होतं, तेही हसत हसत, घरातला पराक्रम सांगावा तसं. सासरे दर उन्हाळ्यात नांगरताना एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, ह्यांच्या चुलत्याच्या रानात सरकवायचे. बांध कोरायचा तो असाच कोरतात, गुपचूप आणि दमानं. शेवटी खुणेचा दगड आडवा आला, तर तोही उपटून आणला आणि न्हाणीपाशी टाकला. पुढं पलीकडच्यांच्या लक्षात आलं. काठ्या निघाल्या, कुऱ्हाडी निघाल्या, कोर्टाच्या तारखा झाल्या, आणि दोन्ही घरांनी एकमेकांचं पाणी बंद केलं. पाणी बंद म्हणजे तहानेनं जीव गेला तरी त्या घरचा घोट घ्यायचा न्हाई. त्या कोरलेल्या पट्टीत आम्ही मोसंबीची एक ओळ लावली होती. रोपांना मी उन्हाळाभर डोक्यावरून पाणी घातलं होतं. झाडं आत्ता कुठं भरात आली होती.

ह्यांनी दगड जुन्या जागी पुरला, तेव्हा ती अख्खी ओळ पलीकडं गेली.

मंग हे त्या चुलत्याच्या पोराच्या, चुलतभावाच्या दारात गेले आणि सांगून आले की रान तुझं, झाडंबी तुझी. तो उंबऱ्याच्या बाहेर आला न्हाई. गावानं ह्यांना येडं ठरवलं. माझा धाकटा दीर तर पेटूनच उठला. म्हणाला, तुझ्या देवापायी तू आपल्या मेलेल्या बापाला चोर केलंस. त्यानं वाड्याच्या मधोमध विटांची भिंत घातली आणि बोलणं तोडलं. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवेना. ही माझी कमाई.

मी काही सोसणारी बाई न्हाई. एक दिवस भाकरी थापता थापता सुनावलंच, की तुमचा देव स्वर्गात राहतो म्हणता ना, मंग त्याला आमच्या बांधावर काय काम? हे चुलीसमोर बसले होते. फार बोलणारा माणूस न्हाई. लाकूड चुलीत सारत म्हणाले,

"त्याचं राज्य वरच राह्यलं असतं तर सोपं होतं, अगं. ते हितं आलंय."

अंगावर सर्रकन काटा आला. पण कबूल कोण करतं? मी म्हटलं, भाकरी खा, गार होऊन राह्यली.

मोसंबीचा बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यागत दिसतं. मंग बराबर वेळेला पाणी सोडलं की कळ्या फुटतात. वेळ चुकली तर झाड वाळून जातं. ताण तोडून पाणी सोडायचा दिवस आला तेव्हा हे आष्टीला प्रार्थनेला गेल्ते. जाताना सांगून गेले, लाइट आली की पाणी सोड, शेवटचा कॉकबी खोल. कॉक म्हणजे पाइपाची चावी, आणि शेवटचा कॉक त्या ओळीचा. पलीकडच्यांची विहीर तळाला गेल्ती, आणि त्या झाडांना आमच्याच विहिरीचा पाइप होता.

लाइट आली. मी मोटर चालू केली, आमचे कॉक एकेक करून खोलले आणि शेवटच्यापाशी येऊन बसले. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं. विहीर आमची, पाणी आमचं, मला कोण विचारणार? ओळीकडं पाहिलं तर पानं पार सुरकुतली होती. तरी बसून राहिले.

तेवढ्यात बांधावरून तो चुलतभाऊ येताना दिसला. काही महिन्यांत माणूस उतरून गेला होता. त्या दगडापाशी थांबला. बंद कॉकाकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"वहिनी, खरं सांगा. डाव काय हाय?"

जन्मात पहिल्यांदा मला वहिनी म्हणाला. मंग स्वतःच सांगत सुटला. वकिलाला विचारलं म्हणे, त्यालाही डाव सापडेना. रान मोजून पाहिलं, तर दगड बिलकुल जुन्या जागी. तेव्हापासून झोप न्हाई. झाडाला हात लावायची हिंमत होत न्हाई. भांडायचं कसं ते आपल्याला येतं, म्हणाला, ह्याला काय करायचं ते येत न्हाई.

मी त्याच्याकडं पाहत राहिले. हाच माणूस एकदा कुऱ्हाड घेऊन आमच्या दारात आल्ता. आणि आज थरथरत होता, ते कुणाच्या भीतीनं? माझा नवरा तर शेळीलाही रागावत न्हाई. तेव्हा मला कळलं की ह्यांच्या मागं कुणीतरी उभा हाय. काठी न्हाई, कोर्ट न्हाई, फौज न्हाई. एक दगड जागेवर ठेवायला लावला, आणि दोन घरांची झोप उडवली. मी घाबरले. देवळात, जत्रेत, कुठंच असं घाबरले नव्हते, आणि त्या घाबरण्यात इतका आनंद होता की डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या मागं उभ्या असलेल्यासमोर बसले होते आणि कॉक माझ्या हाताखाली होता.

"डाव न्हाई, भावजी," मी म्हटलं. "ह्यांच्या राजाचा हुकूम हाय."

आणि मी कॉक फिरवला. पाइप जरा खोकला, मंग पाणी धावलं. झाडाच्या बुडातली माती काळी होत गेली. तो पाइपापाशी आला. मंग खाली वाकला, पाइपाच्या जोडाशी वाहणाऱ्या धारेखाली ओंजळ धरली आणि प्याला. आमच्या विहिरीचं पाणी. तोंड पुसलं आणि बांधावरून निघून गेला.

ती ओळ आजही त्याचीच आहे. दीर बोलत न्हाई, भिंत तशीच आहे, आणि मी धुणं सिमेंटच्या ओट्यावर धुते, त्याला दगडाची सर न्हाई. पुढं मीही बाप्तिस्म्याला बसले. पाळकांनी मलाही तेच विचारलं, खर्च मोजलास का? मी म्हटलं, मोजायलाच बसले होते, पाळकसाहेब, त्या कॉकापाशी. पण तेवढ्यात पाणी सुटलं.