तलावात मासे किती

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सिहोऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचो. वाटेतल्या तलावाच्या पाळीवर एक म्हातारा गळ टाकून बसलेला असे. मी रोज सायकल थांबवून विचारायचो, "यात मासे किती असतील हो?" तो नुसता हसून पाण्याकडे बोट दाखवायचा.

एकदा त्याने हातभर मरळ ओढली. तेवढ्यात काठाशी लालसर ढग वळवळला. तिची पिल्लं! म्हातारा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि मरळ त्यांच्यात हलकेच सोडून आला.

"काहून सोडली?"

"पिल्लायची राखण करून राहिली होती ते. तुमी रोज इचारता ना, गुरुजी? मोजा आता."

हजारो लाल ठिपके तिच्याभोवती गोळा झाले. मला दहाच्या पुढे जाता आलं नाही.