धाकटीची वाक्यं

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि धाकटीची वाक्यं पुरी करणं हा साऱ्या घराचा जोडधंदा होता. ती "मला..." म्हणून अडकली, की आई म्हणे "भूक लागली?", थोरली बहीण म्हणे "झोप आली असेल", आणि जे आधी येईल त्याला मान डोलावून धाकटी मोकळी होई. कोण वाद घालत बसणार! माया होती ती, नाही असं नाही, पण त्या मायेला दम म्हणून नव्हता. भूक नसताना तिनं कितीतरी जेवणं जेवली. तिच्या खोलीच्या भिंतीही अशाच पिवळ्या झाल्या होत्या, आणि पिवळा तिला मुळीच आवडत नसे.

कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका म्हाताऱ्या कारागिराकडे ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेण तापवून हिरड्या घडवायची, त्यांत एकेक दात बसवायची. लोकांच्या तोंडाची बोळकी भरून द्यायची आणि स्वतःच्या तोंडून शब्द निघायची मारामार! दैवाला थट्टासुद्धा काय सुचते पाहा. पुढे म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले आणि त्यानं दुकान बंद केलं. मग दातांच्या एका मोठ्या लॅबमध्ये जागा निघाली. ती हुकली, तर या कामाची दुसरी जागा जवळपास नव्हती; कुठल्यातरी गोदामात खोकी चिकटवत बसावं लागलं असतं.

मुलाखतीची तयारी थोरलीनं मनावर घेतली. ओट्याशी उभी राहून ती साहेबीण झाली.

"हं, आधीची नोकरी का सोडली?"

"मा... मा..."

"मालकांना काम झेपेना, असं सांग. छान! पुढचा प्रश्न."

अशा रीतीनं एकाही प्रश्नाचं उत्तर न देता धाकटी पास झाली.

मुलाखतीच्या दिवशी थोरली बरोबर आलीच, आणि बाहेर बाकावर बसली. आत एक बाई होत्या, चेहऱ्यानं प्रेमळ. धाकटीनं केलेली कवळी त्यांनी उलटसुलट करून पाहिली, आणि मग तोच प्रश्न विचारला.

"मा... मा..." शब्द ओठांशी येऊन ठाण मांडून बसला. बाईंना कणव आली.

"मालकांशी पटलं नाही का? होतं असं, चालायचंच."

आणि धाकटीनं सवयीनं मान डोलावली!

बाई पुढचं विचारू लागल्या, पण धाकटीला दरदरून घाम फुटला. ज्या माणसानं तिला सगळं काम शिकवलं, तिच्या शब्दासाठी हातातलं काम खाली ठेवून वाट पाहिली, त्याच्याशी पटलं नाही? भूक नसताना चार घास गिळणं वेगळं. हे तिला गिळवेना.

"नाही," ती म्हणाली. "ते चु... चुकीचं आहे. मी अ... अडखळते. वेळ लागेल. पण माझं वा... वाक्य मलाच संपवू द्या."

बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि त्या गप्प बसल्या. ती बोलत असताना शेजारच्या खोलीतलं घासायचं यंत्र सुरू झालं आणि बंदही झालं. मालकांचे हात थरथरतात, भांडण कधीच झालं नाही, हे काम त्यांनीच शिकवलं. सांगायचं एवढंच होतं. तिची मान आखडली, डोळे मिटले गेले, चेहरा लालबुंद झाला. पण कुणी शब्द उसना दिला नाही, आणि तिनंही मागितला नाही.

ती बाहेर आली तशी थोरली ताडकन उठली. तिचा घामेजला चेहरा पाहून म्हणाली, "नाही म्हणाल्या ना? जाऊ दे गं, आपण दुसरीकडे..."

"ता... ताई, थांब."

असं तिला धाकटी आजवर कधी म्हणाली नव्हती. थोरली थांबली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज तिनं मोठ्या कष्टानं आत दाबून धरला.

"सो... सो..." रस्त्यावरून एक सायकल गेली, मग दुसरी. "सोमवारपासून ये म्हणाल्या."

थोरलीनं तिला कवेत घेतलं आणि ती हमसून रडायला लागली. आनंदानं रडतेय असं धाकटीला वाटलं, आणि तेही खरंच होतं. पण जरा वेळानं नाक पुसत थोरली म्हणाली, "एवढा वेळ लागतो होय गं तुला? मला माहीतच नव्हतं. मी कधी थांबलेच नाही."